खिळ्यावरची लडी

आमची आत्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात रंग मोजते. तीस वर्षं झाली, तिच्या नखांना स्वतःचा असा रंगच उरलेला नाही. तिथल्या तिच्या खोलीत खिडकीशेजारी एक खिळा आहे. त्यावर मंजूर झालेल्या रंगाची लडी टांगलेली असते. कुणीही, अगदी मालकानंसुद्धा, आपलं सूत घेऊन तिथं जायचं आणि रंग ताडून बघायचा. खिळ्यावरची लडी जागची हलवायची नाही. हलवली, तर आत्या जे बोलते ते कुठल्याच रंगात बसत नाही.

नवे मॅनेजर आले आणि म्हणाले, "बाई, बाराही हौदांच्या रंगाची मापं सोमवारी कॉम्प्युटरवर दाखवा. नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

रविवारी आत्या माझ्याकडे, कॉम्प्युटरवर घरांचा तक्ता उघडून, ठाण मांडून बसली. बी या उभ्या रांगेत एकेका हौदातल्या सुताचं वजन. ई-१ या घरात एका किलोला लागणारा निळा रंग, वीस ग्रॅम. पहिल्या हौदापुढे तिनं सूत्र लिहिलं, बी-२ गुणिले ई-१. पंधरा किलोला तीनशे ग्रॅम, चोख! मग तेच सूत्र माउसनं खाली ओढलं, तर उरलेल्या अकरा हौदांपुढे शून्य.

"आळशी आहे हे. एक केलं आणि झोपलं."

"आळशी कसलं, अति आज्ञाधारक आहे! तू एक घर खाली आलीस, तर त्यानं दोन्ही पत्ते एकेक घर खाली नेले. बी-२चा बी-३ झाला, तो हवाच होता. पण ई-१चाही ई-२ झाला, आणि तिथं काहीच नाही."

"म्हणजे माझी खिळ्यावरची लडी घेऊन पळतंय मेलं!"

मी तासभराचं व्याख्यान गिळलं. "हो. आता ईच्या आधी डॉलरची खूण घाल, आणि १च्या आधी आणखी एक. पहिलीनं ते आडवं सरकत नाही, दुसरीनं उभं."

तिनं खुणा घातल्या, सूत्र पुन्हा ओढलं. बारा आकडे. तिनं ते कागदावर ताडून पाहिले. मग ई-१मध्ये विसाचे बावीस केले, आणि बाराच्या बारा हौदांनी एकदम कूस बदलली. आत्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

"पुन्हा कर," ती हळूच म्हणाली.

आम्ही सात वेळा केलं.

सोमवारी मॅनेजरनी एक वजन बदललं, एकच माप हललं. ई-१ बदललं, सगळीच हलली. "बाई, हे तुमच्याकडेच राहू दे," एवढंच ते बोलले.

परवा मी तिच्या खोलीत गेलो होतो. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना, निळ्या रंगात, बोटानं काढलेला एकेक डॉलर.