साडूभाऊंचा एकुलता एक दरोडा

सगळ्या नाशिक जिल्ह्यात दरोड्यांवर इतकं निस्सीम प्रेम करणारा आणि तरीही दुसऱ्याच्या झाडाची कैरीसुद्धा कधी न तोडलेला माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. दरोडे अर्थात सिनेमातले. त्यातही इंग्रजी, आणि त्यातही काळेपांढरे. रंगीत सिनेमातला दरोडा साडूभाऊ दरोड्यात धरतच नसत. "रंगात सगळं दिसतं हो," ते कळवळून सांगायचे, "आणि सगळंच दिसलं की मग बघायचं काय?" त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. ताई निफाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "लाइटचं बिल भरलं नसंल त्यांनी. म्हणून अंधारात चोऱ्या करत्यात."

साडूभाऊ एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचे. स्वभाव असा की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सायकल वळवताना हात दाखवणार. एकदा सिन्नरच्या एसटीत गर्दीमुळे कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, तर उतरल्यावर यांनी स्टँडच्या खिडकीवर परतीचं तिकीट काढलं, ते फाडून टाकलं आणि मगच त्यांना चहा गोड लागला. असा हा माणूस रविवारी सकाळी मात्र थेटरात बसून चार उलट्या काळजाच्या माणसांना तिजोरी फोडताना बघायचा, आणि त्यातल्या एकाचा जरी हात थरथरला तरी यांच्या कपाळावर घाम यायचा. त्या काळात आमच्या गावातल्या एका थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागे. तिथे काही नसलं तर साडूभाऊ बस पकडून देवळाली कँपात जात, कारण तिथे मिलिटरीच्या लोकांसाठी इंग्रजी सिनेमे येत. या वाऱ्यांसाठी त्यांनी पट्ट्याचा एक खाकी रेनकोट घेतला होता. तो ते मे महिन्यातही घालत. कँपातल्या जुन्या बाजारातून एक फेल्ट हॅटसुद्धा आणली होती, पण ती ताईने परस्पर माहेरी पाठवून द्राक्षबागेतल्या बुजगावण्याला घातली. पुढे सासुरवाडीला गेले तेव्हा साडूभाऊ त्या बुजगावण्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "खरं सांगू? माझ्यापेक्षा त्याला शोभते."

अमेरिकन माणसांचं दातांतलं बोलणं आम्हाला दोघांनाही फारसं कळत नसे. पण साडूभाऊंचं त्यावाचून अडायचं नाही. ते सावल्यांवरून सिनेमा वाचत. "ती बाई बघा, खिडकीच्या पट्ट्यांची सावली पडलीय तिच्या तोंडावर. ही फसवणार." आणि ती फसवायचीच. हे शास्त्र त्यांनी पुढे घरातही चालू केलं. माझ्या चुलत मेव्हणीला बघायला आलेला मुलगा खिडकीच्या गजांच्या सावलीत बसला होता, एवढ्यावरून साडूभाऊंनी त्याला नापास केला. सगळे हसले. आठवड्याभराने कळलं, की त्या मुलाचा साखरपुडा एकीकडे आधीच झालेला होता. तेव्हापासून नात्यात कुठेही सोयरीक जमायची असली की साडूभाऊंना खास बोलावणं येऊ लागलं. ते जात, गंभीर चेहऱ्याने खोलीतले पडदे मागेपुढे करत, आणि मुलीकडच्यांचा जीव टांगणीला लागे.

घरातल्या कुठल्याही कामाचा ते आधी नकाशा काढत. सप्तशृंगीच्या गडावर सहकुटुंब जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ट्रेसिंग कागदावर स्टँडचा आराखडा काढून आम्हा प्रत्येकाला एकेक जागा नेमून दिली होती. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, माझ्या बायकोने कंडक्टरला बोलण्यात गुंतवायचं, साडूभाऊंनी सामान चढवायचं. "घड्याळं जुळवा," ते म्हणाले. घड्याळ त्यांच्याशिवाय कोणाकडेच नव्हतं. ऐन वेळी आमच्या सासूबाई पेरू घ्यायला थांबल्या आणि बस डोळ्यांदेखत निघून गेली. आम्ही सगळे चिडलो, पण साडूभाऊंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "पाहिलंत? प्लॅनमध्ये खोट नव्हती. प्रत्येक सिनेमात असंच होतं. माणूस पेरूपाशी थांबतो."

असं सगळं हसतंखेळतं चाललेलं असताना त्यांच्या घरात एक वाईट गोष्ट घडली. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलेजात दुसऱ्यांदा नापास झाला. साडूभाऊ जन्मात कोणाला टाकून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "मग ट्रकवर क्लीनर हो," असं काहीतरी. आणि पोरगा शब्दाचा पक्का निघाला. तो पिंपळगावला गेला आणि कांद्याच्या एका ट्रकवर क्लीनर होऊन आग्रा रोडने इंदूरकडे निघून गेला. तो धडधाकट आहे एवढं लोकांकडून कळे, पण तो घरी येईना. ताई गप्प झाली. लाइटच्या बिलाचे विनोद बंद झाले. ती पोळ्या लाटायची, पण ताटावर बसून नुसता एक घास चिवडत राहायची. साडूभाऊ तर सिनेमाचं नावही काढत नसत. रेनकोट खुंटीवर धूळ खात होता.

शेवटी माझ्याच बायकोने पुढाकार घेतला. रविवारी थेटरात एक विनोदी इंग्रजी सिनेमा होता. चार बावळट चोर आणि एक गाढव, असं पोस्टर होतं. "ताईला घेऊन जाऊ या," ती म्हणाली. "नाही कळला तरी गाढव बघून हसेल." ताई कशीबशी तयार झाली. जाताना नेहमीच्या सवयीने तिने बाजारातून मेथीच्या चार जुड्या घेतल्या, पिशवी साडूभाऊंकडे दिली आणि आम्ही चौघं जाऊन बसलो.

अंधार झाला आणि गाढवाऐवजी ओला रस्ता दिसला. विनोदी सिनेमाच्या रिळांची पेटी आलीच नव्हती. थेटरवाल्याने तिच्याजागी हाताशी होता तो दुसरा सिनेमा लावून दिला होता. साडूभाऊंचा हलणारा पाय एकदम थांबला. त्यांनी हा सिनेमा कँपात पाहिलेला होता. एका जवाहिऱ्याची तिजोरी फोडणारी टोळी, आणि त्या टोळीची गाडी चालवणारा एक कोवळा पोरगा. पोरगा हसरा होता, हसताना मान वाकडी करायचा. ताई पुढे सरकून बसली. "आपलाच वाटतोय," ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली.

इंटरव्हलमध्ये साडूभाऊंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

"साडू, घात झाला. शेवटी तो पोरगा मरतो."

"कोणता?"

"तोच. गाडीवाला. गोळी लागते, आणि घरी जायची गाडी समोर येऊन उभी राहते, तेव्हा स्टेशनातल्या बाकावर बसल्या बसल्या मरतो."

"मग ताईंना घेऊन घरी जाऊ."

"विचारलं मी. म्हणाली, त्या पोराचं काय होतं ते बघून जाऊ." त्यांनी माझा दंड सोडला. "इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने काहीतरी हवं म्हणून सांगितलंय हो."

 त्यांनी हातातल्या मेथीकडे बघितलं. आणि ज्या माणसाने कधी कैरी तोडली नव्हती तो मला म्हणाला, "ऑपरेटर खाली चहाला येईल. त्याला बोलण्यात गुंतवा."

मशीन चालवणारा हा ऑपरेटर आमच्या ओळखीचा होता. नेहमीच्या प्रेक्षकाला थेटरातल्या माणसाची ओळख असते तितकी. मी त्याला त्याच्या गुडघेदुखीबद्दल विचारलं आणि तो खुलला. त्याच्या पाठीमागे साडूभाऊ पिशवी छातीशी धरून केबिनच्या लोखंडी जिन्याने वर जाताना मला दिसत होते. त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, म्हणून मी गुडघ्यावरून कंबरेवर गेलो. ते खाली आले तेव्हा पिशवी फुगली होती आणि वर मेथी होती. अंधारात शेजारी बसल्यावर त्यांनी माझा हात दाबला.  "शेवटचा डबा," ते पुटपुटले. "झाकणावरचा आकडा बघून घेतला." मांडीवर मेथी आणि मेथीखाली सिनेमाचं शेवटचं रीळ घेऊन ते पडद्याकडे बघू लागले, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या चोरांचा हेवा वाटत नव्हता.

पण ऑपरेटरला डब्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवायची सवय होती, हे आम्हाला कोण सांगणार? पडद्यावर टोळीने मध्यरात्री घड्याळं जुळवली, गाडी निघाली, पडदा पांढरा झाला, केबिनमध्ये खडखड झाली, आणि पुढचं चित्र आलं ते एकदम रक्ताने भिजलेल्या शर्टाचं. तिजोरी फुटलीच नाही. जवाहिऱ्याचं दुकान दिसलंच नाही. तो पोरगा पोट धरून स्टेशनकडे चालला होता. साडूभाऊंनी पिशवीत हात घालून डबा चाचपला आणि माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. गाडी आली. पोरगा बाकावरून उठलाच नाही. आणि ताई रडली. पदर तोंडात कोंबून नव्हे, मोकळ्या गळ्याने, थेटरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी रडली.

दिवे लागले, तेव्हा मागे कॉलेजची पोरं खुर्च्या आपटत होती. "दरोड्याच्या सिनेमात दरोडाच नाही!" "आमचा दरोडा द्या!" मॅनेजर धावत आला आणि केबिनच्या खिडकीकडे बघून ऑपरेटरला सगळ्यांदेखत शिव्या देऊ लागला, उद्यापासून येऊ नको म्हणाला. तेवढ्यात साडूभाऊ उठले. मी त्यांची बाही ओढली, पण ते थांबले नाहीत. मेथीच्या जुड्या त्यांनी खुर्चीवर नीट एकीवर एक ठेवल्या, आणि डबा दोन्ही हातांत धरून, बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे, सगळ्या थेटरातून चालत मॅनेजरपुढे गेले.

"त्याला बोलू नका. हे मी नेलं होतं."

"तुम्ही? कशाला?"

 साडूभाऊंनी नुसतं ताईकडे बोट केलं. ऑपरेटर जिना उतरून आला होता. त्याने रडणाऱ्या ताईकडे पाहिलं, साडूभाऊंकडे पाहिलं, आणि डबा हातातून काढून घेत मॅनेजरला म्हणाला, "जिन्यावर पडला असंल माझ्याकडून. साहेबांना सापडला. आता लावू का नको ते सांगा, पोरं खुर्च्या मोडत्यात."

आणि मग ते रीळ लागलं. सिनेमा संपल्यावर, सगळ्यात शेवटी, दरोडा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत तिजोरी फुटत होती आणि बाहेर गाडीत तो पोरगा, नुकताच आमच्यासमोर मेलेला, मान वाकडी करून हसत सफरचंद खात बसला होता. ताईचं रडणं एकदम थांबलं. "अगं बाई! जित्ता हाय की!" टोळी बाहेर आली, पोरग्याने गाडी काढली, पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने ती सुसाट निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. तिथेच रीळ संपलं. तिथेच आमच्यापुरता सिनेमा संपला.

बाहेर उन्हात आल्यावर ताईने डोळे पुसले. तिला भूक लागली होती. तिने समोरच्या हॉटेलात दोन मिसळी खाल्ल्या, पाव वेगळे, आणि मग साडूभाऊंना म्हणाली, "उद्या रजा टाका. पिंपळगावला जाऊ. ट्रकवाल्यांना इचारू. पोरगा येत नाय तर आपण जाऊ, त्यात काय हाय एवढं?" ते दोघं पिंपळगावला गेले, तिथून एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून इंदूरला गेले, आणि एका ढाब्यावर त्यांना मुलगा भेटला. साडूभाऊ त्याला म्हणाले, "मी चुकलो." तो म्हणाला, "मलापण कंटाळाच आला होता." कॉलेजात तो काही परत गेला नाही. पुढे स्वतःचा टेम्पो घेऊन द्राक्षं वाहू लागला, आणि साडूभाऊ सुट्टीच्या दिवशी रेनकोट घालून त्याच्याशेजारी बसून हिंडू लागले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सकाळचे इंग्रजी सिनेमे बंद पडले. गल्लोगल्ली व्हिडिओ आले, तेव्हा मुलानेच घरी व्हीसीआर आणून दिला. मध्यंतरी साडूभाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून भेटायला गेलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्याला आधीच कमी दिसायचं, आणि डॉक्टरांनी टीव्ही बघायला सक्त मनाई केली होती. ते टीव्हीकडे पाठ करून कॉटवर बसले होते. टीव्ही चालू होता. ताई खाली मटार सोलत बसली होती आणि त्यांच्यावतीने सिनेमा बघत होती.

"पाऊस हाय. दोघं पळत्यात. एकाच्या हातात पेटी. पोलिसाची गाडी आली… गेली पुढं."

साडूभाऊ मान हलवत होते. मीही टेकलो. पडद्यावर गोळ्या सुटल्या, गाडी खांबावर आदळली, आणि दोघेही रस्त्यावर पडले. पेटी उघडी पडली होती. पोलीस टोप्या काढून उभे होते.

"सुटले का गं?" साडूभाऊंनी विचारलं.

ताईने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुटले," ती म्हणाली. "लय लांब गेली गाडी. आता दिसंना."

"छान झालं," साडूभाऊ म्हणाले, आणि उशीला टेकून बसले. मी मटारच्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागलो.