दोषांचा रकाना

धुळ्याला देवपूरच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं दोंडाईच्याला धान्याचं दुकान होतं, घराणं मूळचं राजस्थानचं, जैन. शिक्षणासाठी ती धुळ्यात आत्याकडे राहायची. एका दुपारी तिनं वर्तमानपत्रातून कापलेली जाहिरात माझ्या टेबलावर ठेवली.

ब्रिटनमध्ये समुद्रकाठी एक शाळा होती. देशोदेशींची मुलं तिथे दोन वर्षं एकत्र राहून सहा विषय शिकत. शेवटी मिळणारा डिप्लोमा अनेक देशांतली विद्यापीठं मानत. अभ्यास अवघड होता, पण निवड झाली तर सगळा खर्च शाळा करणार होती.

"बाई, अर्ज मागवू?" तिनं विचारलं.

मी मागव म्हटलं. खरं सांगायचं तर उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. ते आलं, आणि त्यात एक पान शिक्षकांनी भरायचं होतं. विद्यार्थ्याचे गुण लिहा, असं वर होतं. खाली तेवढीच जागा सोडून, दोष लिहा.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काही नाहीत असं लिहून टाका. पोरीचं भलं होईल."

मी दोन दिवस तो कागद घरी ठेवला. मुलगी हुशार होती यात शंका नव्हती. एका शब्दाच्या अर्थावरून तिनं माझ्याशी वाद घातला होता आणि वाचनालयातला मोठा शब्दकोश उघडून मला चूक दाखवली होती. पण वर्गात दुसरी कुणी उत्तर देताना अडखळली की ही तिचं वाक्य तोडून स्वतः पुरं करायची. मागच्या बाकांवरच्या मुलींनी हात वर करणंच सोडलं होतं. मी ते जसंच्या तसं लिहिलं.

काय लिहिलं ते तिला सांगितलंही. तिनं त्याच संध्याकाळी घरी कळवलं. दोन दिवसांनी तिचे वडील दोंडाईच्याहून आले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. बाकावर बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"बाई, पोरीत खोट आहे असं तुम्ही कागदावर लिहिलं म्हणे. उद्या तिचं लग्न करायचंय. असला कागद कुणाच्या हाती लागला तर?"

"भाऊ, तो कागद परदेशी जाणार. इथे कुणी वाचणार नाही."

"बदलता येईल?"

"दुसरं पान मागवता येईल. पण तुम्हीच सांगा, मी खोटं लिहिलंय का?"

त्यांनी छत्री बाकाला टेकवली. मग म्हणाले, "नाही. घरीपण असंच करते. तिची आई बोलायला लागली की वाक्य हीच संपवते." आणि माझ्याकडून बंद पाकीट घेऊन ते स्वतःच पोस्टात टाकून आले.

मुलाखतीला मुंबईला बोलावलं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मीही बरोबर गेले. चाळीसगावला गाडी बदलताना तिनं पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलायला सुरुवात केली. तोवर ती माझ्यावर रागावलेलीच होती.

मुलाखत अर्धा तास चालली. ती बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता.

"त्यांनी तुमचं पान समोरच ठेवलं होतं. हे खरं का, असं विचारलं."

"मग?"

"मी हो म्हटलं. म्हटलं, आत्तासुद्धा तुमचा प्रश्न संपेपर्यंत थांबणं मला जड जातंय. ते हसले. का हसले ते कळलं नाही."

महिन्याभरानं निवड झाल्याची तार आली. वडिलांनी लगेच होकार दिला, अडली ती आई. एका सकाळी ती आत्याच्या घरी आली आणि मला बोलावून घेतलं. दुकानावर येणाऱ्या बायकांशी बोलून बोलून तिच्या तोंडी खानदेशीच बसली होती.

"बाई, तठे दिन कव्हय बुडस?"

तिथे सूर्य कधी मावळतो, हा तिचा प्रश्न होता. त्यांच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नसे. मी भूगोलाच्या बाईंना विचारून आले. हिवाळ्यात चारच्या सुमाराला, उन्हाळ्यात साडेनऊ वाजून गेल्यावर. आई विचारात पडली. साडेनऊपर्यंत ऊन असतं हे तिला पटेना. शेवटी तिनं ठरवलं की थंडीत पोरीनं साडेतीनला जेवावं, आणि शाळेला तसं पत्र लिहावं. ते पत्र मी लिहिलं. हरकत नाही असं उत्तर आलं आणि मुलगी गेली.

पहिल्या वर्षी तिची पत्रं छोटी आणि उदास असत. एका विषयात ती वर्गात सगळ्यांत मागे होती. तशी ती पूर्वी कधीच नव्हती. दुसऱ्या वर्षी पत्रं लांबलचक होत गेली.

दोन वर्षांनी तिचे वडील पुन्हा शाळेत आले. निकालाचा कागद थेट दोंडाईच्याला आला होता, मुलगी अजून वाटेत होती. या वेळी ते बाकावर बसले.

"बाई, जरा बघा. सगळ्या विषयांत पाच, सहा, असंच लिहिलंय. पोरगी बठ्ठ्या विषयांत नापास झाली का?"

मी कागदाच्या मागचा बारीक मजकूर वाचला. मग त्यांना सांगितलं, "भाऊ, गुण सातपैकी आहेत."

कागद परत घेऊन ते एकेक आकड्यावर बोट ठेवत, सावकाश, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.