मान वर करून चालणारा माणूस

जुन्या इमारती बघत हिंडायची मला खोड आहे. मागच्या महिन्यात कोल्हापुरातल्या आमच्याच पेठेत एक दगडी, दुमजली इमारत नव्याने दिसली. सज्जाला सागवानी कठडा, दारावरच्या कमानीत दोन झिजलेले मोर. मी भान हरपून फोटो काढले आणि वर शहाणपणा असा, की खांबाची जाडी वितीने मोजली.

खालच्या दुकानातल्या शिंपीकाकांनी मशीन थांबवलं. "काय पाव्हणं, कुठल्या बिल्डरचं?"

"छे हो काका! मला जुन्या इमारती आवडतात."

"पलीकडची पाडली, तिचा फोटो काढणाऱ्यालाबी लई आवडत हुती. मापं कशासाठी घेत्यात ते शिंप्याला नका सांगू. ही पाडली तर मशीन काय डोक्यावर घेऊन हिंडू?"

पुरावा म्हणून मी मोबाइलमधले माझे जुने फोटो दाखवले. काका एकेक बघत म्हणाले, "ही गेली. हीबी गेली. हितं आता पार्किंग हाय."

चौथ्या फोटोला माझा मलाच संशय यायला लागला. आपण कौतुकाने बघतो, ते शेवटचंच बघणं असतं की काय? मी त्यांच्यासमोर मोरांचे फोटो पुसून टाकले.

ऑफिसचा रस्ता तोच आहे. तेव्हापासून तिथून मी मान खाली घालून, सावकाश जातो. काल मशीन पुन्हा थांबलं. काका शेजारच्या पानवाल्याला सांगत होते, "बघ, आता पावलांनी मोजाय लागलाय."