फ्रीजवरचं यंत्र

मुलीला मी स्वयंपाकघरातले आवाज घ्यायला परवानगी दिली होती, माझा आवाज घ्यायला नाही. एवढी साधी गोष्ट घरात कोणाच्याही डोक्यात शिरत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मुलगी आवाजांवर काम करते. म्हणजे काय, हे मला अजून कोणाला सांगता येत नाही. लिफ्टचा, एसीचा, खालच्या डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्यांचा आवाज ती एका छोट्या यंत्रात भरून आणते आणि कॉम्प्युटरवर कापत बसते. एके दिवशी तिने ते यंत्र फ्रीजवर ठेवलं. मला वाटलं, घेईल कुकर, घेईल नळ. मी आपली तांदळाच्या भाकऱ्या थापत होते.

गुरुवारी तिने दोन पाहुणे आणले. दोघेही ब्लॅक कलाकार, तिच्यासारखेच नेहमीची गाणी सोडून भलतंच काहीतरी वाजवणारे. एक अमेरिकेतली बाई, माझ्याच वयाची, केस अगदी बारीक कापलेले. दुसरा नायजेरियाचा तरुण, शारजात राहणारा. शनिवारी उम्म अल कुवैनला एका रिकाम्या गोदामात त्यांचा कार्यक्रम होता. आपल्याला हे सुचतं कुठून, ते प्रत्येकाने सांगायचं आणि वाजवून दाखवायचं. त्याची तालीम दुबईत, आमच्या मनखूलच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. आधीच तो हॉल केवढा! त्यात ह्यांचे स्पीकर.

तो तरुण म्हणाला, लहानपणी वीज गेली की गल्लीतले सगळे जनरेटर एकदम सुरू व्हायचे, प्रत्येकाचा सूर वेगळा. तिथे तो संगीत शिकला. बाई म्हणाली, तिच्या आजीच्या चर्चमध्ये गाण्याआधी म्हाताऱ्या बायका तोंड मिटून नुसता हुंकार धरायच्या. आयुष्यभर ती तोच हुंकार यंत्रातून काढायला बघते आहे. मुलगी अधूनमधून मला हिंदीत सांगत होती. मराठीत सांगायला काय झालं होतं, कोण जाणे.

मी चहा ठेवून आत वळले, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "माय इन्फ्लुअन्स इज माय मदर," आणि बटण दाबलं.

भाकरीच्या थापा, आणि त्यांच्यावर मी. गात होते. तेही मेंदीचं गाणं. आमच्या रत्नागिरीकडे मेंदीला बायका दार लावून ही गाणी म्हणतात, नवऱ्यामुलाची आणि त्याच्या बहिणींची यथेच्छ थट्टा करतात. पुरुषांनी ऐकायची नसतात ती. आणि इथे परका माणूस मान डोलवत बसलेला.

"बंद कर," मी म्हणाले. कोणालाच ऐकू गेलं नाही. स्पीकरमधली मी माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होते. शेवटी जाऊन वायरच उपटली.

"अम्मी! इट्स सो ब्यूटिफुल!"

"असू दे. शनिवारी हे वाजलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"यू डोन्ट टॉक एनीवे!"

बाईने काय झालं ते विचारलं. मुलीने सांगितलं. बाईने कप खाली ठेवला आणि मुलीला म्हणाली, आजीच्या हुंकाराची कॅसेट माझ्याकडे आहे, पण मी ती कधी कुठे वाजवलेली नाही. आजीला विचारायचं राहून गेलं. तुझी आई तर समोर उभी आहे. मी बाईच्या बशीत आणखी दोन सांदणं वाढली.

नवरा कोपऱ्यात मोबाईल बघत होता. "खलास, पुसून टाक ते," मुलीला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "पण एवढं काय? भाकरी करताना तू रोजच गातेस."

"मी?"

"लग्नापासून."

"आणि एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

म्हणजे ज्यांनी ऐकायचं नाही, ते लग्नापासून ऐकत होते, आणि मला पत्ता नाही! पाहुण्यांसमोर काय बोलणार? आत गेले आणि भांडी आपटली. आता घ्या म्हटलं ह्यांचे आवाज.

शनिवारी मुलीने माझा आवाज काढून नुसत्या थापा वाजवल्या. गोदामातली माणसं शांत बसून ऐकत होती. गाणं कुठे चालू होतं, ते मला थापांवरून बरोबर कळत होतं. नवऱ्यालाही कळत असणार, कारण एका जागी तो हसला. नेमकी नणंदेच्या चालण्याची नक्कल येते तिथेच. त्याला कोपराने ढोसलं.

तेव्हापासून तोंड मिटून भाकऱ्या करून पाहिल्या. जाड होतात, कडेला चिरतात. वैतागून आता स्वयंपाकघराचं दार लावते, आणि फ्रीजवर हात फिरवून बघते. मग पीठ मळायला घेते. पहिली भाकरी हातावर येते न येते, तोच बाहेर डायनिंगची खुर्ची फरशीवरून घासत दारापाशी येते. उचलून आणावी, एवढंही ह्या माणसाला सुचत नाही.