अर्धी ओटी

भातकापणीपायी माझं डोहाळजेवण लांबलं. सातव्यात व्हायचं ते नववा लागल्यावर झालं. सासूबाईंचं म्हणणं, खाचरात भात उभं असताना पाच सवाष्णी आणायच्या कुठून? शिवाय ओटीला तांदूळ नव्या भाताचाच हवा. त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नाही. मी बोलते, पण त्याने काही फरक पडत नाही.

आमचं घर मुळशी धरणाकाठच्या गावात. मी पुण्यातली. लग्न होऊन आले तेव्हा मला नारळ सोलता येत नव्हता, हे सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. त्यांचे नियम फार, आणि ओटीचे सगळ्यात कडक. पाचही जणींचं भरून होईपर्यंत पोटुशीने उठायचं नाही, ओटी अर्धी टाकायची नाही आणि विधवेने ओटीला हात लावायचा नाही. त्या स्वतः विधवा. सकाळी मी म्हटलं होतं, "आई, पहिली ओटी तुम्हीच भरा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बांगड्या भरायला बसले.

पहाटेपासून पाठ भरून आली होती. उभं राहून राहून झालं असेल म्हणून मी सोडून दिलं. गर्द हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसले, पहिलीने ओटी भरली आणि दुखणं पाठीतून पोटात उतरलं. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं, म्हणून मी हसत राहिले. शेजारच्या काकूंच्या मात्र लक्षात आलं.

"कळा असत्याल," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण हाय, लई येळ लागतोय. येत्यात न् जात्यात."

सगळ्या हसल्या, मीही हसले. कळ येते आणि जाते, हे मला सगळ्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी ती जायची वाट पाहत बसले. दुसरीची ओटी झाली, तिसरीची झाली. कळ काही गेलीच नाही.

मागच्या तपासणीला माझं बीपी थोडं वाढलेलं निघालं होतं. तेव्हा डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, पोट सतत दुखायला लागलं, कडक होऊन तसंच राहिलं, अंगावर लाल गेलं किंवा बाळ हलेनासं झालं, तर घरी वाट बघायची नाही. नव्या मिक्सरबरोबर आलेल्या सूचना ऐकाव्यात तशी मी मान हलवली होती. आता झोपाळ्यावर एकेक आठवायला लागलं. साडी खाली ओलसर लागत होती. हिरव्यावर काही दिसत नव्हतं, म्हणून बोट लावून पाहिलं. बोटाला काळपट लाल लागलं. आणि रोज चहाच्या वेळी लाथा झाडणारं आमचं बाळ सकाळपासून गप्प होतं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आपल्या नियमाप्रमाणे लांब. मी त्यांना हाक मारली.

"आई, हे जात नाहीये."

"काय जात न्हाई?"

"दुखणं. येऊन बसलंय."

त्या आल्या आणि त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. काकू म्हणत होत्या, ओव्याचं पाणी द्या, तेल चोळा. सासूबाईंचा हात तसाच राहिला. "सैलच पडंना," त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांना बोट दाखवलं. बाळ हललं नाही, तेही सांगितलं.

चौथी बाई नारळ घेऊन समोर थांबली होती. आणि मी, पुण्याची शिकलेली बाई, म्हणाले, "दोघींचीच राहिलीय आई. उरकून जाऊ."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी माझा पदर ओढून मोकळा केला. नारळ भिंतीपर्यंत गडगडत गेला, नवा तांदूळ फरशीभर सांडला. दाण्यावर पाय पडला तर आकांत करणारी ती बाई त्याच तांदळावरून मला धरून चालवत घेऊन गेली. "चुलीत गेली वटी," त्या लेकाला म्हणाल्या. "गाडी काढ."

नवऱ्याने निघता निघता दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, डाव्या कुशीवर निजवा, पोट चोळू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, इकडून रुग्णवाहिका निघते आहे. ओव्याचं पाणी काकूंच्या हातातच राहिलं. मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर माझं डोकं होतं. शनिवार होता, समोरून धरणाकडे सहलीच्या गाड्या चालल्या होत्या.

"हल की रं जरा," सासूबाई माझ्या पोटाशी वाकून म्हणत होत्या. "आईला एक लाथ मार. मी काय बोलत न्हाई तुला." इतक्या मऊ आवाजात त्यांना कोणाशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आई, मला भीती वाटतेय."

"मला बी," त्या म्हणाल्या आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

पौडच्या अलीकडे रुग्णवाहिका भेटली. दवाखान्यात पोचल्यावर बाळाचे ठोके ऐकू आले, मंद, पण होते. लगेच ऑपरेशन झालं. मला रक्त चढवावं लागलं. डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं, बाळ बाहेर यायच्या आधीच वार गर्भाशयापासून सुटायला लागली होती. बाहेर दिसलं ते थोडं, आत बरंच साठलं होतं. "अजून बसून राहिला असतात तर..." त्या म्हणाल्या.

मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी काचेतून तिला पाहायची आणि रडायची.

काही दिवसांनी तिला पहिल्यांदा माझ्याजवळ द्यायचं ठरलं, तेव्हा सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर तांदूळ होता, त्या दिवशी फरशीवर सांडलेला, मागाहून घरी जाऊन वेचून आणलेला.

"आजी, तांदूळ इथे चालणार नाही," नर्स म्हणाली.

माझ्या सासूबाई निमूटपणे गाठ बांधून, हात धुऊन आल्या. नर्सकडून त्यांनी नात घेतली. मला पदर पुढे करायला लावला आणि ओटीत नारळ ठेवतात तशी, दोन्ही हातांनी, तिला माझ्या पदरात ठेवली.

"भरली," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही भरलीत."

"मग कोन भरनार? त्या पाचजणी बसल्यात तिकडं गावात," त्या म्हणाल्या. "नीट धर. मान सांभाळ तिची."