जिन्यातल्या चित्रावर पांढरा रंग

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी कॉलेजच्या जिन्यात पाय ठेवला आणि आधी वास आला, ताज्या रंगाचा. वळणावर पोचले तर भिंत पांढरीफटक. रंगारी उकिडवा बसून रोलर धूत होता. म्हणाला, "मॅडम, टेकू नका, ओलंय अजून." त्याची काही चूक नव्हती, तरी मी त्याच्यावर ओरडले. तो राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा मी चिंचवडला बारावी आर्ट्सला इतिहास शिकवत होते. आमच्या भागात आर्ट्सला ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही तो येतो, असं लोक तोंडावर बोलतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दुपारनंतर महाळुंगे, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जायची. युरोपातल्या प्रबोधनाचा धडा काढला की बाकांवर डोकी टेकायला लागायची. त्या वर्षी मी पुस्तक मिटलं आणि दोन चित्रांच्या मोठ्या प्रती फळ्यावर चिकटवल्या. दोन्हींत आई आणि मांडीवर मूल. एक मध्ययुगातलं, मागे सगळं सोनेरी. दुसरं त्यानंतर दोनेकशे वर्षांनी काढलेलं.

"काय फरक दिसतो?" मी विचारलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली, "मॅडम, पहिल्या बाईच्या मांडीवर पोराचं वजनच न्हाई. दुसरीचा हात अवघडलाय."

प्रबोधन म्हणजे काय हे मी इतकी वर्षं पानंच्या पानं सांगत होते. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

ती मूळची बीडकडची. वडील कंपनीची बस चालवायचे. ती स्वतः सकाळी कॉलेज करून दुसऱ्या शिफ्टला पॅकिंगच्या लाइनवर उभी राहायची. त्या दिवसापासून ती वर्ग सुटल्यावर थांबायला लागली. लांबचं लहान आणि जवळचं मोठं का दिसतं, सगळ्या रेघा एका बिंदूकडे कशा जातात, हे मी जेमतेम सांगू शकले. बाकीचं तिने मोबाइलवर बघून स्वतःच गिरवलं.

मग धर्मसुधारणा आली. पैसे घेऊन पापाची माफी विकणारे धर्माधिकारी, आणि त्यांना जाहीर जाब विचारणारा जर्मनीतला एक संन्यासी. चर्चच्या दारावर लावलेला कागद. छापखान्यामुळे तोच मजकूर गावोगाव पोचला. देहूहून येणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे देवाच्या आणि आपल्या मधी दलाल नको, एवढंच ना?" वर्गात हशा पिकला, पण एकही डोकं बाकावर नव्हतं.

जिन्यातल्या भिंतीवर हा दारावरच्या कागदाचा प्रसंग काढू का, असं त्या बीडच्या मुलीनेच विचारलं. मी प्राचार्यांकडे गेले. ते माझ्याच बरोबरीने नोकरीला लागलेले. लगेच हो म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत ती रोज यायची. उंच दार, दारावर लहानसा क्रॉस, हातोडी घेतलेला संन्यासी, आणि समोर गर्दी. त्या गर्दीत तिने तिच्या लाइनवरच्या बायका बसवल्या होत्या. एकीच्या डोक्यावर कंपनीची टोपी, दोघींच्या पायात सेफ्टी शूज. सगळ्या दाराकडे अशा बघत होत्या, की आता त्याही काहीतरी बोलतील. प्राचार्यांनी चित्रासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच शनिवारी मला केबिनमध्ये बोलावलं. तीन माणसं बसली होती. बाहेरच्या कुठल्याशा संघटनेचे, समाजाचे वगैरे. एकाने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर आमची भिंत.

"कॉलेजात धर्मांतर चालतं का, मॅडम?"

"हा बारावीचा अभ्यासक्रम आहे. तो माणूस चर्चच्या विरोधात उभा आहे. नीट बघा तरी."

"क्रॉस दिसतोय ना?"

"चर्चच्या दारावर दुसरं काय दिसणार, भाऊ? तुम्ही जिन्यात जाऊन चित्र पाहिलंत का?"

पाहिलं नव्हतं. तिघांपैकी एकानेही नाही. वीस पावलांवर भिंत होती आणि ते मोबाइलमध्ये बघून निकाल देत होते. मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "आपण बघू काहीतरी. तुम्ही वर्गावर जा, मॅडम."

रविवारी कॉलेज बंद असताना त्यांनी बघितलं.

सोमवारी मी थेट केबिनमध्ये गेले. "सर, तुम्ही त्या चित्रासमोर फोटो काढलात."

"वाद नको होता, मॅडम. भिंतच आहे. पुन्हा रंगवू."

"तिला विचारलंत?"

"विद्यार्थिनीला काय विचारायचं?"

ती पहिल्या तासाला आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं, सुधारणावाल्यांनीबी चर्चमधली चित्रं पुसली, मूर्ती फोडल्या. मग ह्यांच्यात न् त्यांच्यात काय फरक?"

मी तावातावाने म्हणाले, "ते निदान सम्राटासमोर उभे राहून बोलले. जिवावर उदार होऊन. हे रविवारी गुपचूप रंगारी घेऊन आले."

"पण तिथल्या चित्रकारालाबी कुणी विचारलं नसंल," ती म्हणाली आणि वर्गात जाऊन बसली.

ते खरंच होतं. त्याचाही मला राग आला.

मी संस्थेला लेखी निषेध दिला. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीचं पत्र द्या, असं मला सांगण्यात आलं. दिलं नाही. पुढच्या वर्षी माझी बारावी काढून घेतली. ती मुलगी पास झाली. वडिलांशी भांडून चित्रकलेच्या पदविकेला गेली. सुट्टीत अजून लाइनवर उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात प्राचार्य निवृत्त झाले. निरोप समारंभात एकेक जण उठून त्यांच्या कलाप्रेमावर बोलत होता. माझं नाव यादीत नव्हतं. मी उठले, माइक घेतला आणि भिंतीची सगळी हकीकत सांगितली. कुणी काय बनवलं, कुणी न बघता बोट दाखवलं, कुणी रंगारी बोलावला. कुणी टाळी वाजवली नाही. शिक्षक चहाच्या कपात बघत राहिले.

बाहेर पडताना प्राचार्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. गळ्यात हार तसाच होता. "इतकी वर्षं बरोबर काढली, मॅडम. आता तरी सोडा ना."

"तिच्याशी बोललात का कधी, सर?"

मी मोबाइलमध्ये तिचा नंबर काढला, लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तिकडून "हॅलो, मॅडम?" ऐकू आलं. त्यांनी फोन कट केला, माझ्या हातात परत ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.