वाघाकडे पाठ

राठोड साहेबांची सगळी नोकरी वाघांच्या मुलखात गेली, पण त्यांनी वाघ कधी धड पाहिला नव्हता. ही थट्टा नाही. वाघ निघाला की सारं गाव त्याच्याकडे बघत असे, आणि साहेब त्याच्याकडे पाठ करून गावाकडे बघत उभे राहत.

वनक्षेत्रपालाचं प्रशिक्षण संपवून मी मारेगावकडे त्यांच्या हाताखाली आले. वाघांसाठीच या नोकरीत आलेय, हे पहिल्याच दिवशी सांगूनही टाकलं. साहेबांनी चहा बशीत ओतला. "वाघ जाते आपल्या रस्त्यानं, मॅडम. आपली नोकरी माणसाची हाय. थे भरतीच्या वक्ती कोणी सांगत नाही." मला त्यांचा रागच आला. पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी, आणि दुर्बीण कायमची कचेरीच्या कपाटात.

त्या हिवाळ्यात एका तांड्याजवळ वाघिणीनं गाय मारली आणि उजाडल्यावर ती तुरीच्या शेतात अडकली. तीन बाजूंनी माणसं होती. चौथ्या बाजूला नाला आणि पलीकडे जंगल. पण नाल्याच्या काठावरही लोक मोबाइल काढून उभे. तिला जायला वाटच उरली नव्हती. आता एक तर ती कोणाला तरी मारणार, नाहीतर लोक तिला मारणार, एवढं मलाही कळत होतं.

साहेब नाल्याकडे गेले आणि तुरीकडे पाठ करून उभे राहिले. पुढच्या म्हातारीला तांड्याच्या बोलीत "याडी" अशी हाक मारून, आईला न्यावं तसं हाताला धरून त्यांनी मागं नेलं. मग बाकीच्यांची पाळी. "काहून आला बे इथं? माय वाट पाहून राह्यली ना घरी!" काठ हळूहळू मोकळा झाला. गायीचा मालक तेवढा काठी घेऊन पुढे आला.

"माही गाय खाल्ली तिनं, साहेब!"

"गाय गेली. आता तू कायले जाऊन राह्यला?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गायीचं नाव काय, कोणाच्या घरून आणली होती, विचारत राहिले. तो रडायला लागला. तेवढ्यात तुरी हलल्या आणि साहेबांच्या मागून वाघीण सरळ नाल्यात उतरली. मी ती पाहिली. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. साहेब गायीचंच ऐकत होते. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "गेली का?"

ते निवृत्त झाले तोवर मी दुसरीकडे स्वतंत्र काम करू लागले होते, आणि असे बरेच घोळके माझ्याही वाट्याला आले होते. एकदा तरी वाघ नीट बघा म्हणून आम्ही साहेबांना बळजबरीनं अभयारण्यात नेलं. नशीब जोरावर होतं. गाइडनं बोट दाखवलं आणि समोरून वाघीण रस्ता ओलांडू लागली. शेजारच्या जिप्सीतल्या एका गृहस्थानं फोटोसाठी पाय बाहेर टाकला.

"ओ भाऊ! बसा खाली!" साहेब दबक्या आवाजात ओरडले.

तो बसला. वाघीण झाडीत शिरली. साहेब माझ्याकडे वळले.

"कशी होती वो मॅडम?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला हसूच आलं. मीही त्या माणसाच्या पायाकडेच पाहत होते.

साहेबांना ते कळलं. "झाल्या मंग तुमी आफिसर," ते म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगितली.